साभार म्हणजे परवानगी नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका चर्चेत कुणीतरी हजारेक शब्दांचा मुद्देसूद प्रतिसाद लिहिला होता. तो आवडला म्हणून प्रश्नकर्त्याने उचलून दुसऱ्या एका गटात जसाच्या तसा टाकला आणि खाली 'साभार' लिहिलं. लेखकाचं नाव मात्र घातलं नाही. फिरत फिरत ते मूळ लेखकाच्या नजरेस पडलं आणि त्याने हरकत घेतली. प्रश्नकर्त्याचं म्हणणं असं, की ज्याने चारचौघांत लिहिलं, त्याने ते चारचौघांनी पुढे नेलं म्हणून रागवायचं कशाला? शेपटाला दुसरा प्रश्न आहे: या वादात लेखकाने खाजगीत काही कडवट संदेश पाठवले, ते 'माझ्या फोनवर आले म्हणजे माझेच', मग ते सगळ्यांना दाखवले तर चालतील का?

लेखक, संपादक आणि प्रकाशक यांच्या कॉपीराइटच्या भांडणांत मी बरीच वर्षं वकिली करते. पूर्वी माझ्याकडे पुस्तकं घेऊन लोक यायचे, आता स्क्रीनशॉट घेऊन येतात. तेव्हा निकाल आधी सांगते. पहिल्या प्रश्नात लेखकाची बाजू बरोबर आहे. दुसऱ्यात तुमचं अर्धं बरोबर आहे: फोन तुमचा, शब्द त्याचे.

'साभार' हा फार गोड शब्द आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो जवळपास मुका आहे. आभार मानणं वेगळं आणि विचारणं वेगळं. शेजाऱ्याची सायकल न विचारता नेली आणि परत आणताना मनापासून आभार मानले, म्हणून ती विचारून नेली असं होत नाही. तुमच्या 'साभार'मध्ये तर आभार कुणाचे हेही लिहिलेलं नाही.

अगदी याच मुद्द्यावरचा एक निकाल आहे, तो मी अशिलांना नेहमी सांगते. एका छायाचित्रकाराने स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा आपला फोटो एका पर्यटन संकेतस्थळाला वापरायला दिला होता. तिथे तो कुणालाही दिसत होता, कुलूप नाही, पैसे नाहीत. जर्मनीतल्या एका विद्यार्थिनीने शाळेच्या प्रकल्पासाठी तो उतरवून घेतला आणि खाली त्या संकेतस्थळाचं नावही लिहिलं. शाळेने तो प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर चढवला. प्रकरण थेट युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं आणि ७ ऑगस्ट २०१८ रोजी निकाल लागला: नव्या ठिकाणी चढवणं हे नव्या वाचकवर्गासमोर नव्याने ठेवणं आहे, त्याला वेगळी परवानगी हवी. स्रोत लिहिला होता, पैसे कमावले नव्हते, हेतू शैक्षणिक होता. यातल्या कशानेही उत्तर बदललं नाही.

निकालाइतकंच त्यामागचं कारण महत्त्वाचं आहे. न्यायालय म्हणालं की मूळ ठिकाणाहून लेखकाने आपली कृती काढून टाकली, तरी ही दुसरी प्रत तशीच राहते आणि तिच्यावर त्याचा ताबा उरत नाही. दुव्याचं तसं नाही. २०१४ मध्ये याच न्यायालयाने सांगितलं होतं, की सगळ्यांना खुल्या असलेल्या पानाचा दुवा द्यायला परवानगी लागत नाही. दुवा दिला तर लेखक मूळ मजकूर दुरुस्त करू शकतो, मागे घेऊ शकतो, खालच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकतो. चिकटवलेली प्रत म्हणजे त्याच्या तोंडचं वाक्य टेप करून त्याच्या माघारी वाजवत राहणं. उद्या त्याला आपली चूक कळली, त्याने आकडा बदलला, तरी तुमच्या गटात जुना आकडाच त्याचं मत म्हणून फिरणार.

आता नेहमीचा युक्तिवाद. 'खाली कॉपीराइटची खूण नव्हती, नोंदणी तर नसणारच.' खूण लागत नाही, नोंदणीही लागत नाही. साहित्यकृतींच्या संरक्षणाचा बर्न करार १८८६ चा. त्यात १९०८ साली बर्लिनला दुरुस्ती झाली, तेव्हाच हे ठरलं की हक्क मिळवण्यासाठी कोणताही सोपस्कार करावा लागणार नाही. आज १८० हून अधिक देश या करारात आहेत. खुणेचा समज आला अमेरिकेतून. तिथे खूण न छापल्यास हक्क गमावण्याची वेळ येऊ शकत असे, पण १ मार्च १९८९ पासून बर्न करार लागू झाला आणि ती अटही गेली. नियम जाऊन तीन दशकं उलटली, समजूत अजून नोकरीवर आहे. भारतात १९५७ च्या कायद्यात नोंदणीची सोय आहे, सक्ती नाही. दाखला हा पुराव्याच्या कामाचा, हक्काचा जन्मदाखला नव्हे. अमेरिकेत तिथल्या कृतीसाठी दावा लावायचा तर आधी नोंदणी लागते, पण तो दाव्याचा नियम झाला. हक्क मजकूर लिहिला जातो त्या क्षणी तयार होतो.

मग तो संपतो कधी? बर्न कराराची किमान मर्यादा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं. भारतात ६०, युरोपीय संघात आणि अमेरिकेत साधारणपणे ७०. तिशीतल्या माणसाने आज रात्री झोपण्यापूर्वी टंकलेला प्रतिसाद पुढची शंभर वर्षं सहज कुणाच्या ना कुणाच्या मालकीचा राहील. हे जरा हास्यास्पद वाटतं, मलाही वाटतं, पण कायदा तसा आहे. टोपणनावाने लिहिलं म्हणून मालकी सुटत नाही. लेखक कोण हे उघड झालंच नाही, तर भारतात प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजली जातात, इतकंच. 'लेखक अनामिक' असं खाली लिहून ढकलपत्र पुढे ढकलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: नाव माहीत नसणं म्हणजे धनी नसणं नव्हे. बहुतेक वेळा नाव होतंच, वाटेत कुणीतरी खोडलेलं असतं.

प्रत्येक ओळीला मात्र हे संरक्षण नाही. 'अभिनंदन', 'सहमत', 'पुढचा भाग लवकर येऊ दे' यावर कुणी हक्क सांगू लागला तर न्यायाधीश हसतील. निर्मितीचा थोडातरी अंश लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात हे सांगितलं, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये न्यायनिवाड्यांच्या संपादित आवृत्त्यांबाबत त्याच दिशेने पाऊल टाकलं. पण तो अंश किती लहान असू शकतो हेही पाहा: युरोपात २००९ साली वृत्तपत्रांतल्या लेखांचे अकरा-अकरा शब्दांचे तुकडेसुद्धा संरक्षित असू शकतात असं ठरलं. तेव्हा 'चार ओळींचा तर विनोद' हा बचाव भरवशाचा नाही. तुमच्याकडचा मजकूर हजार शब्दांचा आहे, तिथे शंकेला जागाच नाही.

आणि आतल्या माहितीवर, कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. १९७८ चा आर. जी. आनंद खटला भारतात यासाठी रोज उद्धृत होतो: कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना मोकळ्या आहेत, बांधलेली आहे ती मांडणी. त्या प्रतिसादात एखाद्या घटनेची पाच कारणं दिली असतील तर ती पाच कारणं तुम्ही खुशाल सांगा. फक्त स्वतः सांगा. इथे लोक चलाखी करतात. मूळ मजकूर समोर ठेवून 'परंतु'चं 'पण' करतात, 'महत्त्वाचं'चं 'मोलाचं' करतात आणि आपल्या शब्दांत लिहिलं म्हणतात. माझी कसोटी साधी आहे. मूळ मजकुराची खिडकी बंद करा, चहा घ्या, मग लिहा. जे आठवेल आणि ज्या क्रमाने आठवेल, ते तुमचं. आणि भाषांतरही यातच येतं. इंग्रजीतला कुणाचा लेख मराठीत आणला म्हणजे आपली निर्मिती झाली, असं पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटतं. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचाच असतो, मग ते तुम्ही रात्र जागून केलेलं असो की यंत्राने दोन सेकंदांत.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. 'त्याने चारचौघांत लिहिलं' यात तथ्य अजिबात नाही असं नाही. खुल्या चर्चेत लिहिणारा माणूस न बोलता काही परवानग्या देतच असतो. तो मजकूर तिथे दिसेल, लोक उत्तर देताना त्यातला तुकडा पुन्हा उद्धृत करतील, कुणी दुवा देईल, शोधयंत्र तो धुंडाळेल, हे सगळं त्याला माहीत असतं. याला गर्भित संमती म्हणतात आणि न्यायालयं ती मानतात. पण गर्भित संमती जिथली तिथेच असते. माझ्या घरी जेवायला या म्हटलं, याचा अर्थ भांडी घेऊन जा असा होत नाही.

यावर अमेरिकेत एक खटला झाला, तो विस्ताराने सांगण्यासारखा आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत प्रचंड भूकंप झाला. डॅनिएल मोरेल नावाचा छायाचित्रकार तिथेच होता. त्याने काढलेले फोटो ट्विटरशी जोडलेल्या एका सेवेवर चढवले. थोड्याच वेळात दुसऱ्या कुणीतरी ते उचलून आपल्या खात्यावर आपलेच म्हणून टाकले. एएफपी या वृत्तसंस्थेने या दुसऱ्या खात्यावरून ते घेतले, त्याच माणसाचं नाव खाली घालून जगभर वाटले, गेटी इमेजेस या छायाचित्रं विकणाऱ्या संस्थेलाही दिले. मोरेलने हक्क सांगितल्यावर एएफपीचा बचाव काय होता? ट्विटरच्या अटीच अशा आहेत, की तिथे टाकलेलं पुढे पसरावं. म्हणजे आम्हाला परवाना मिळालेलाच होता. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने तो बचाव फेटाळला. लेखकाने सेवेला दिलेला परवाना सेवेपुरता असतो. सेवेच्या आत, तिच्याच बटणाने पुढे पाठवणं वेगळं आणि तिथून उचलून बाहेर आपल्या दुकानात मांडणं वेगळं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने आठ छायाचित्रांसाठी सुमारे १२ लाख डॉलर भरपाई ठरवली.

तुमच्या हजार शब्दांसाठी कुणी इतकी रक्कम मागणार नाही, घाबरू नका. पण साखळी तीच आहे हे बघा: एकाने नाव खोडलं, दुसऱ्याने त्या बिननावी किंवा चुकीच्या नावाच्या प्रतीवर विश्वास ठेवला आणि दोघंही अडकले. 'मला तसंच आलं, मी तसंच पुढे पाठवलं' हे खरं असेल, पण त्याने उल्लंघन पुसलं जात नाही. फार तर शिक्षा सौम्य होते.

ओघात आलं म्हणून सांगते. अधूनमधून एक घोषणापत्र फिरत असतं: 'आजपासून माझा मजकूर वापरण्यास मी अमुक कंपनीला मनाई करत आहे, आपणही हे कॉपी करून आपल्या भिंतीवर टाका.' त्याचा उपयोग शून्य. खातं उघडताना तुम्ही ज्या अटी मान्य केल्या, त्या भिंतीवर कागद चिकटवून रद्द होत नाहीत. आणि कॉपीराइट बजावणारा हा मजकूर लाखो लोक लेखकाचं नाव न घालता कॉपी करतात, याची मला दरवेळी नव्याने मजा वाटते.

उलट, 'नावासकट शेअर करायला हरकत नाही' ही एक ओळ खरोखरच कामाची आहे. हा पक्का परवाना झाला, अट एकच: नाव. नाव खोडलं की परवाना संपला. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने हेच काम जरा नेटक्या भाषेत करतात. विकिपीडियाचा मजकूर किंवा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरची उत्तरं अशा परवान्याखाली आहेत. ती पूर्णच्या पूर्ण घेता येतात, विकताही येतात. मात्र लेखकाचं श्रेय, परवान्याचं नाव आणि दुवा, केलेले बदल आणि 'पुढचंही याच परवान्याखाली' ही अट पाळावी लागते. मोफत मिळतं म्हणून लोक ती अट वाचत नाहीत.

आता अवतरण. दुसऱ्याचं वाक्य घेतल्याशिवाय त्याच्याशी वाद घालता येत नाही, हे कायद्यालाही कळतं. बर्न कराराचं दहावं कलम उद्धृत करण्याची मोकळीक देतं, पण तीन गोष्टी मागतं: रीत उचित हवी, लांबी हेतूला पुरेल इतकीच हवी आणि स्रोत व लेखकाचं नाव द्यायला हवं. भारतीय कायद्याच्या ५२ व्या कलमात खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा परीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी उचित वापराची सवलत आहे. अमेरिकेत चार कसोट्या लावतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती घेतलं आणि मूळच्या बाजारावर परिणाम काय.

'तीस शब्द चालतात', 'दहा टक्के चालतात' असे आकडे कानावर येतील. यांपैकी एकाही कायद्यात ते नाहीत. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या अप्रकाशित आठवणींचा मामला आला होता. हस्तलिखित दोन लाख शब्दांचं, एका साप्ताहिकाने जसेच्या तसे उचलले जेमतेम तीन-चारशे शब्द. तरीही साप्ताहिक हरलं, कारण उचललेला भाग हाच त्या लिखाणाचा प्राण होता आणि तो पुस्तकाआधी छापला होता. उलट एखाद्या आठ ओळींच्या कवितेचं कडव्याकडव्याने परीक्षण करायचं तर सगळ्या आठ ओळी घेणंही योग्य ठरू शकतं. शब्द मोजू नका. तुमचं लिखाण त्या उताऱ्याशिवाय उभं राहतं का, आणि तुमच्या लिखाणाशिवाय उरतो तो नुसता उताराच का, हे विचारा. तुम्ही काय केलंत? हजार शब्द घेतले आणि स्वतःचा एकच लिहिला, 'साभार'. ते अवतरण होत नाही.

नावाविषयी थोडं जास्त बोलते, कारण माझ्या अनुभवात खरं दुखतं ते इथे. भरपाई मागायला येणारे लेखक विरळाच. 'माझं नाव का काढलं' विचारायला येणारे रोजचे. भारताच्या कायद्यात ५७ वं कलम खास यासाठी आहे. कॉपीराइट विकून टाकला असला तरी, ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो आणि मजकुराची आपल्या लौकिकाला बाधक अशी मोडतोड केली तर तो अडवू शकतो. बर्न करारात हे १९२८ साली रोमच्या दुरुस्तीने आलं. अमेरिकेत नुसत्या मजकुराच्या लेखकाला असा हक्क जवळपास नाहीच. भारतात मात्र मधला एक परिच्छेद गाळणं, शेवटी आपला राजकीय शेरा जोडणं, शीर्षक भडक करणं, हे प्रकार नाव घालूनही अंगाशी येऊ शकतात. आणि कुणा दिवंगत नामवंताच्या नावावर भलताच मजकूर खपवणं हा तर दुहेरी अपराध: लिहिणाऱ्याचं श्रेय गेलं आणि नामवंताच्या तोंडी न बोललेलं वाक्य गेलं.

पण नाव घालणंही आंधळेपणाने करायचं काम नाही. एका संपादकांनी वर्षभरातले निवडक प्रतिसाद गोळा करून मोफत ई-पुस्तक काढलं होतं. मोठ्या आदबीने त्यांनी प्रत्येकाचं श्रेय दिलं. एका बाईंनी नवऱ्याच्या आजारपणाबद्दल टोपणनावाने लिहिलं होतं; संपादकांना त्या प्रत्यक्षात कोण हे माहीत होतं, त्यांनी सन्मान म्हणून खरं नाव छापलं. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा संतापापेक्षा हतबल जास्त होत्या. त्यांनी ते त्याच दुखण्यातून जाणाऱ्या अनोळखी माणसांसाठी लिहिलं होतं, नातेवाइकांनी वाचावं म्हणून नव्हे. पुस्तक मागे घेतलं गेलं, पण उतरवून घेतलेल्या प्रती कोण मागे घेणार? तेव्हापासून मी सांगते: लेखकाने ज्या नावाने लिहिलं तेच नाव द्या, त्याहून एक अक्षर जास्त नाही.

आता फोनवर आलेले खाजगी संदेश. हा प्रश्न फोनपेक्षा खूप जुना आहे. १७४१ साली इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप विरुद्ध पुस्तकविक्रेता एडमंड कर्ल असा खटला चालला. पोप आणि लेखक जोनाथन स्विफ्ट यांची एकमेकांना लिहिलेली पत्रं कर्लने छापली होती. कर्लचा बचाव शब्दशः तुमचाच: पत्र पाठवलं म्हणजे ते देऊन टाकलं, आता ते घेणाऱ्याचं. निकाल देणारे लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कागद फार तर घेणाऱ्याचा होईल. छापण्याची मुभा त्याबरोबर जात नाही. म्हणून पोपने लिहिलेल्या पत्रांपुरता मनाई हुकूम कायम राहिला. आणि पोपला आलेल्या पत्रांचं काय? त्यांच्यापुरता तो उठला. पोपच्या घरी, पोपच्या कपाटात असलेली पत्रं, तरी ती पोपची नव्हेत, लिहिणाऱ्याची! निकाल पोपच्या दोन्ही हातांना सारखाच लागू झाला, म्हणून मला तो फार आवडतो. इमेल, व्हॉट्सॲप, काहीही घ्या, पाया अजून तोच आहे. (नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं पत्र असेल तर वेगळा करार नसताना मालकी सहसा मालकाकडे जाते, एवढा फरक.)

अप्रकाशित पत्रांच्या बाबतीत न्यायालयं आणखी कडक असत. १९८७ मध्ये जे. डी. सॅलिंजर या कादंबरीकाराची विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवलेली पत्रं चरित्रकाराने वापरली, तेव्हा शब्द बदलून घेतलेल्या भागांसकट पुस्तक अडलं. त्याने चरित्रकार इतके धास्तावले, की १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यात वाक्य घातलं: मजकूर अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने उचित वापर नाकारता येणार नाही.

तेव्हा तुमचे ते कडवट संदेश. स्क्रीनशॉट ही प्रतच आहे, त्याला वेगळी माफी नाही. त्यात धमकी असेल तर पोलिसांना आणि न्यायालयाला बेलाशक दाखवा; न्यायालयीन कामासाठी प्रत काढण्याची सूट कायद्यातच आहे. त्याने तुमच्यावर जाहीर आरोप केले आणि खाजगीत उलटं कबूल केलं असेल, तर त्या खुलाशापुरतं नेमकं वाक्य देणं बहुधा उचित ठरेल. पण नुसतं 'बघा कसा बोलतो' म्हणून अख्खं संभाषण टांगणं, यात कॉपीराइटपेक्षा मोठे खड्डे आहेत: बदनामी, विश्वासभंग, खाजगीपणा, मधेच कुणाचा तरी नंबर किंवा घरचा तपशील दिसणं. त्याने काय म्हटलं हे तुमच्या शब्दांत, प्रामाणिकपणे सांगायला कॉपीराइट आडवा येत नाही. सारांश खोटा असेल तर बदनामीचा कायदा येतो.

समोरच्या लेखकाच्या हातात काय आहे, तेही माहीत असू द्या. भारतात तो ज्या सेवेवर प्रत आहे तिला लेखी तक्रार देऊ शकतो. २०१३ च्या नियमांप्रमाणे ती सेवा ३६ तासांत मजकूर दिसणं थांबवते आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा दाखवू शकते. अमेरिकेत १९९८ पासून नोटीस आणि प्रतिनोटिशीची (म्हणजे मजकूर टाकणाऱ्याने घेतलेल्या उलट हरकतीची) पद्धत आहे. तिथे प्रतिनोटिशीनंतर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत, दावा लागला नाही तर, मजकूर परत येतो. भारतात जाणूनबुजून केलेलं उल्लंघन फौजदारी गुन्हाही आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद. आर्थिक लाभासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हजार शब्दांच्या प्रतिसादासाठी हे कलम उगारणाऱ्या अशिलाला मी आधी घरी पाठवते आणि समोरच्याला एक साधं पत्र लिहायला सांगते. दहातली नऊ भांडणं त्यावरच मिटतात.

तुमचंही तसंच मिटेल. आज ती प्रत काढून टाका किंवा निदान गटचालकाला सांगून झाका. त्या जागी दुवा ठेवा. मग लेखकाला लिहा, आणि 'पण मी तर चांगल्या हेतूने' या वाक्याने सुरुवात करू नका. असं काहीतरी पुरेल: 'तुमचा अमुक विषयावरचा प्रतिसाद मी न विचारता आणि तुमचं नाव न घालता तमुक गटात टाकला होता, ती चूक झाली. आता तो काढला आहे. तो तिथे पूर्ण देण्याची तुमची परवानगी मिळेल का? मिळाल्यास नाव कसं लिहू आणि मूळ दुवा देऊ का, तेही कळवा.' नेमकी जागा सांगा, कारण होकार आला तर तो तेवढ्याच जागेपुरता असेल. पुढे छापील अंकात घ्यायचं ठरलं तर पुन्हा विचारावं लागेल. नकार आला तर कारण मागू नका, ते देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. आणि उत्तरच आलं नाही तर मौनाला होकार समजू नका. दुवा राहू द्या, वर त्या प्रतिसादातलं तुम्हाला काय पटलं ते स्वतःच्या चार ओळींत लिहा. त्या चार ओळींना कुणाचीच परवानगी लागत नाही.